कोरटकर बॅरिस्टर : वकिलीतून मंत्रिपदाकडे

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या मांडवात लातूर-सोलापूरकडचे प्राध्यापक बोलायला येतात. यंदा ठरलेल्या पाहुण्यांची तब्येत बिघडली आणि कार्यकर्त्यांनी माझं दार ठोठावलं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला साधा सरकारी नोकर. एस्टिमेट करायचं, मेजरमेंट बुक भरायचं आणि बिल का अडलं ते ठेकेदाराला समजावून सांगायचं, हे माझं काम. तेव्हा व्याख्यान म्हणजे काय ते मला येत नाही. पण एका माणसाबद्दल गेली दोन वर्षं जमेल तसं वाचतो आहे, विचारतो आहे. ते तुम्हाला सांगतो.

त्याचं कारण माझी मुलगी. पी.यू.सी. झाल्यावर ती म्हणाली, पप्पा, मला वकील व्हायचं आहे. मी म्हणालो, बाई, केएएस नाहीतर एफडीएची परीक्षा दे, महिन्याला पगार तरी येईल. तिने ऐकलं नाही. आता ती कलबुर्गीला लॉ शिकते. पहिल्या सुट्टीला घरी आली तेव्हा जेवताना तिने विचारलं, "आपल्या लोकांतला कुणी वकील इकडे मोठा झाला का हो? मंत्री-बिंत्री?" तिच्या वर्गात कुणीतरी बंगालच्या वकिलांची यादी सांगितली होती. वकिली करता करता मंत्री झालेले बॅरिस्टर अशोक सेन, सिद्धार्थ शंकर राय, अशी नावं. तिला आपल्याकडचं एक नाव हवं होतं. मी बाबासाहेबांचं नाव घेतलं. ती म्हणाली, "ते सगळ्या देशाचे झाले पप्पा. आपल्या भागातलं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताटावरून उठताना वाईट वाटलं. ज्या गुलबर्ग्यात ती शिकायला गेली तिथेच हे उत्तर शंभर वर्षांपासून पडून होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ते उत्तर म्हणजे बॅरिस्टर विनायकराव कोरटकर. गुरुकुलाच्या पदवीमुळे लोक त्यांना विनायकराव विद्यालंकार म्हणत. पण आधी त्यांच्या वडिलांपासून सुरुवात करायला हवी, कारण या घरात वकिली दोन पिढ्या चालली.

वडील केशवराव कोरटकर. जन्म १८६७, वसमत तालुक्यातल्या पुर्जळचा, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यातला. ते गुलबर्ग्याला आले आणि वकिली करू लागले. तेव्हा गुलबर्गा, बीदर, वसमत सगळं एकाच निजाम राज्यात. पुर्जळहून गुलबर्ग्याला येणाऱ्याला परराज्यात गेलो असं वाटण्याचं काही कारण नव्हतं. गुलबर्ग्यात केशवरावांनी आणि विठ्ठलराव देऊळगावकरांसारख्या सहकाऱ्यांनी १९०७ मध्ये नूतन विद्यालय उभं केलं. राज्यात वरचं शिक्षण उर्दूत, कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत. अशा काळात वकिलीचा पैसा आणि वकिलीची ओळख शाळेत घालणारी ही माणसं. पुढे केशवराव हैदराबादला गेले, हायकोर्टाच्या न्यायासनावर बसले, वामनराव नाईकांच्या बरोबरीने तिथल्या सार्वजनिक कामाचे म्होरके झाले आणि १९३२ मध्ये वारले. नूतन विद्यालय आजही आहे. आपल्यापैकी निदान दहा घरांतली माणसं तिथे शिकलेली आहेत. हात वर करा म्हटलं तर दिसतील.

आता मुलाकडे येतो. एवढा नावाजलेला वकील आपल्या मुलाला कुठे शिकायला घालेल? मुंबईला, पुण्याला. केशवरावांनी विनायकरावांना हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीला धाडलं. ते गुरुकुल काढणारे स्वामी श्रद्धानंदसुद्धा पूर्वाश्रमीचे वकीलच, जालंधरचे मुन्शीराम. एका वकिलाने आपला मुलगा दुसऱ्या वकिलाच्या स्वाधीन केला, असं मी मुलीला सांगितलं तेव्हा ती हसली. तिथे विनायकराव हिंदी-संस्कृतात शिकले, विद्यालंकार झाले. मग विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि हैदराबादला वकिली करू लागले.

जरा भाषा मोजा. घरात मराठी. गुरुकुलात हिंदी आणि संस्कृत. विलायतेत इंग्रजी. हैदराबादच्या कोर्टात उर्दू. आणि पक्षकार? ते तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू, जो येईल तो. आपल्याकडे आज एखादा पोरगा तीन भाषा बोलला की त्याची आई चारचौघांत सांगते. त्या पिढीला त्याचं काही वाटतच नव्हतं.

हे कोर्ट कसं चालायचं ते मला आमच्या घरातल्या एका कागदावरून कळलं. आजोबांच्या शेताच्या बांधाचा वाद होता. त्याचा फैसला आमच्या ट्रंकेत आहे, सगळा उर्दूत. आमच्या घरात तो कुणालाच वाचता येत नव्हता. शेवटी शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त उर्दू मास्तरांकडे गेलो. मी त्यांना चाचा म्हणतो. चाचांनी चष्मा पुसला आणि सबंध कागद वाचून दाखवला. मुद्दई कोण, मुद्दाअलैह कोण, पटवाऱ्याचं दफ्तर मोडीत होतं ते कुणी वाचलं, साक्षीदार कोणत्या बोलीत बोलला आणि पेशकाराने ते उर्दूत कसं उतरवलं. माझ्या आजोबांनी मराठीत सांगितलेलं गाऱ्हाणं उर्दूत गेलं, उर्दूतून निकाल आला आणि शेत राहिलं. मधे जो वकील उभा होता त्याला या सगळ्या भाषांतून आजोबांचं म्हणणं न सांडता पलीकडे न्यावं लागलं असेल. वकिली म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. चाचांनी चहा पाजला आणि म्हणाले, "बेटे को नहीं, बेटी को भेजो, उसे पढ़ना सिखाता हूँ." ती दोन सुट्ट्या त्यांच्याकडे गेली. आता अलिफ-बे ओळखते.

विनायकराव नुसते कोर्टात राहिले नाहीत. निजामाच्या राज्यात सभा भरवायला परवानगी, वर्तमानपत्र काढायला परवानगी, शाळा काढायला परवानगी. १९३८ साली त्याविरुद्ध चळवळ पेटली. डिसेंबरात सोलापूरला परिषद झाली, तिचे अध्यक्ष यवतमाळचे बापूजी अणे, तेही वकील. त्याच महिन्यात भालकीचे भाई श्यामलाल बीदरच्या तुरुंगात गेले. श्यामलाल उदगीरला वकिली करायचे. म्हणजे आपल्या बीदर जिल्ह्याच्या या लढ्यातसुद्धा काळा कोट पहिल्या रांगेत आहे. पुढच्या वर्षी आर्य समाजाचा सत्याग्रह झाला. एकेका सर्वाधिकाऱ्याने तुकडी घेऊन यायचं आणि अटक करून घ्यायची. पहिले सर्वाधिकारी नारायण स्वामी गुलबर्ग्याच्या तुरुंगात होते. आठवे सर्वाधिकारी म्हणून विनायकरावांची नेमणूक झाली. ते तयारीत असतानाच जुलै १९३९ मध्ये निजाम सरकारने सुधारणा जाहीर केल्या आणि ऑगस्टमध्ये सत्याग्रह मागे घेतला गेला. बॅरिस्टरसाहेब तुरुंगाच्या दारापाशी येऊन थांबले.

इथे एक गोष्ट बोलून ठेवतो. त्या काळाबद्दल आपल्याकडे बोलणं सुरू झालं की सूर चढतो. गोरट्याची आठवण आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, ती पुसली जायची नाही. पण भांडण राज्य चालवण्याच्या पद्धतीशी होतं. माझ्या आजोबांचा फैसला वाचून देणारे चाचा आजही माझे शेजारी आहेत आणि या मांडवाच्या वर्गणीत त्यांची पावती आहे.

१९४८ साली रझाकारांच्या धुमाकुळात हैदराबादच्या वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला, त्यात विनायकराव पुढे होते. वकिलाने कोर्टात न जाणं म्हणजे शेतकऱ्याने मिरगात पेरणी न करणं. पोट त्यावरच असतं. सप्टेंबरात पोलीस अॅक्शन झाली. तेव्हा लष्करी कारभारी म्हणून आले ते जनरल जयंतनाथ चौधरी, बंगालीच. त्यांच्यानंतर आयसीएस अधिकारी वेल्लोडी. १९५० च्या जूनमध्ये वेल्लोडींच्या मंत्रिमंडळात काँग्रेसचे चार जण घेतले गेले. बुर्गुल रामकृष्णराव, फूलचंद गांधी, व्ही. बी. राजू आणि विनायकराव. वकील मंत्री झाला तो असा. १९५२ ला पहिली निवडणूक झाली, बुर्गुल मुख्यमंत्री झाले. तेही वकील आणि पुण्याच्या फर्ग्युसनचे विद्यार्थी, त्यामुळे त्यांना मराठी चांगलं येई. गृहखातं भोकरच्या दिगंबरराव बिंदूंकडे, तेही वकील. विनायकरावांकडे व्यापार-उद्योग आणि पुढे अर्थखातं आलं.

अर्थखातं म्हटलं की माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. आमच्या फायली जिथे अडतात ते खातं. पूल पाहिजे, शाळेची खोली पाहिजे, सगळ्यांना मान्य असतं आणि फाइल फायनान्सकडून प्रश्न घेऊन परत येते. पुतळे बांधकामवाल्यांचे होतात, पैसे मोजणाऱ्याचा होत नाही. म्हणून मला या माणसाबद्दल जास्त कुतूहल वाटलं. कोर्टात त्यांनी आयुष्यभर एका बाजूने बोलायचं काम केलं. वकिलाला अशील असतो, अशिलाचं हित पाहिलं की झालं, समोरच्याचं पाहायला समोरचा वकील आहे. मंत्र्याच्या खुर्चीत समोरचा वकील नसतो. दोन्ही बाजू आपल्याच अंगावर येतात. आणि हैदराबादच्या मंत्र्याला दोन नव्हे, तीन बाजू होत्या. राज्यात सोळा जिल्हे. आठ तेलुगूचे, पाच मराठीचे आणि बीदर, गुलबर्गा, रायचूर हे तीन कर्नाटकचे धरले जात. बीदर जिल्ह्यात तर तिन्ही भाषा. एक रुपया वरंगळला दिला की औरंगाबाद विचारणार, औरंगाबादला दिला की रायचूर विचारणार.

त्यात रुपयासुद्धा दोन होते. इथे बसलेल्या ऐंशीच्या पुढच्या मंडळींना आठवत असेल. निजामाचा हाली रुपया आणि भारत सरकारचा कलदार. सात हालीला सहा कलदार. आजोबा सांगायचे, सोलापूरच्या बाजारात जनावर विकलं की कलदार हातात यायचा, सारा भरायचा हालीत. सत्तर हाली पगार असणाऱ्या कारकुनाला साठ कलदार मिळू लागले तर त्याच्या बायकोला वाटायचं पगार कापला. हिशेब बरोबर असायचा, पण तो घरोघरी पटवून कोण देणार? पन्नासच्या दशकात हा हाली रुपया व्यवहारातून गेला. भारताच्या एका कोपऱ्याचं चलन बदललं आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्याला एक ओळसुद्धा नाही. त्या बदलाच्या वर्षांत तिजोरीजवळ बसलेल्या माणसांत हा आपला गुलबर्ग्याच्या वकिलाचा मुलगा होता.

आता जे सांगतो ते आपल्या जिव्हाळ्याचं. मी सरकारी नोकर, सीमाप्रश्नावर मत मांडायला नियम आडवे येतात. म्हणून मत मांडत नाही, फक्त घडलं ते सांगतो. १९५३ च्या डिसेंबरात राज्य पुनर्रचना आयोग नेमला. फाजल अली, कुंझरू, पणिक्कर. त्यांचा अहवाल सप्टेंबर १९५५ मध्ये आला. त्यात मराठवाडा वेगळा काढला, गुलबर्गा-रायचूर वेगळे काढले, आणि उरलेल्या तेलंगणाचं हैदराबाद राज्य ठेवायचं सुचवलं. त्या उरलेल्या राज्यात कोणता जिल्हा धरला होता माहीत आहे? बीदर. सबंध बीदर. म्हणजे आयोगाचं सगळं जसंच्या तसं झालं असतं तर मी आज तेलुगूत टिपणी लिहीत बसलो असतो. पण १९५६ चा कायदा झाला तेव्हा बीदरचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्यात. नारायणखेड, जहीराबादकडचा भाग आंध्रात. उरलेला, म्हणजे आपण, म्हैसूर राज्यात. एका घरातल्या तीन बहिणी तीन राज्यांत गेल्याची उदाहरणं या मांडवात बसलेली आहेत.

या सगळ्या वर्षांत विनायकराव मंत्री होते. जे राज्य मोडणार हे ठरत चाललं आहे, त्या राज्याच्या मंत्रिमंडळात. राज्य मोडायचं म्हणजे नकाशावर रेघ मारून भागत नाही. तिजोरीतली शिल्लक वाटायची, कर्ज वाटायचं, पेन्शन कुणी द्यायचं ते ठरवायचं, आणि माणसं वाटायची. उर्दूत शिकून नोकरीला लागलेला कारकून म्हैसूरच्या वाट्याला आला, त्याला कन्नड येत नव्हतं. दुसरा मुंबईच्या वाट्याला गेला. त्यांच्या ज्येष्ठतेच्या याद्यांचे वाद पुढे कितीतरी वर्षं चालले. नोकरदार माणूस म्हणून मला हे फार लागतं. बदलीचा एक कागद आला तर आमचं महिनाभर घर हलतं. त्यांचं तर राज्यच बदललं.

मंत्र्याच्या पायाखालची जमीनच सरकली, असं त्या काळात आणखी एका वकिलाचं झालं. बंगालचे जोगेंद्रनाथ मंडल. १९४६ मध्ये बाबासाहेबांना संविधान सभेत बंगालमधून निवडून आणण्यात त्यांचा मोठा वाटा. फाळणीत बाबासाहेबांची ती जागा गेली, मग ते मुंबईतून निवडून आले, बॅरिस्टर जयकरांनी सोडलेल्या जागेवर. पुढे बाबासाहेब भारताचे पहिले कायदामंत्री झाले आणि मंडल पाकिस्तानचे. मंडलांनी १९५० मध्ये राजीनामा दिला आणि ते कलकत्त्याला निघून आले. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये दिला. मंडलांना ज्या देशाचे मंत्री झाले तो देश सोडावा लागला. विनायकरावांना काही सोडावं लागलं नाही. त्यांचं राज्यच त्यांना सोडून गेलं.

३१ ऑक्टोबर १९५६ ला हैदराबाद राज्य संपलं. मराठवाड्यातले पुढारी मुंबईला गेले, तिथे मंत्री झाले. मराठी माणसाला तो रस्ता सरळ होता. विनायकराव हैदराबादलाच राहिले. १९५७ मध्ये ते तिथूनच लोकसभेवर निवडून गेले, कोरटकर याच आडनावाने. तेलुगू राज्याची राजधानी, उर्दू बोलणारं शहर आणि खासदार मराठी. त्याच लोकसभेत कलकत्त्याचे अशोक सेन कायदामंत्री होते, माझ्या मुलीच्या वर्गातल्या यादीतलं पहिलं नाव. दोन्ही बॅरिस्टर एकाच सभागृहात बसत होते. एकाचं नाव यादीत राहिलं, दुसऱ्याचं नाही. १९६२ मध्ये विनायकराव गेले.

का राहिलं नाही, याचा मी विचार केला. वडील हिंगोलीकडचे, वकिली गुलबर्ग्याची, गुरुकुल हरिद्वारचं, मंत्रिपद अशा राज्याचं जे आता नाही, खासदारकी हैदराबादची. महाराष्ट्राला ते बाहेरचे वाटतात, कर्नाटकाला मराठी वाटतात, तेलंगणात नवीन पिढीला माहीत नाहीत. अशा माणसाची जयंती कोणी करावी? ती आपण करू शकतो, कारण आपलीही अवस्था तशीच आहे. आपण इथले जुने, पिढ्यान्‌पिढ्यांचे. तरी लातूरला गेलो की "तुमचं मराठी वेगळं लागतं" आणि बंगळूरला गेलो की "तुम्ही महाराष्ट्राचे का?" गावाचं नाव कोहिनूर सांगितलं की वर हिऱ्याचा विनोद.

माझ्या वडिलांचा एक मराठी अर्ज एका कचेरीच्या खिडकीतून परत आला होता, मी तेव्हा नववीत होतो. वडील काही बोलले नाहीत. घरी येऊन मला म्हणाले, तू कन्नडमध्ये लिही. मी लिहिला, दहा चुका करून. आज मी त्याच भाषेत पानं भरतो आणि मला ती आवडते, हेही खरं आहे. पण तो परत आलेला कागद मी विसरलो नाही. केशवराव-विनायकरावांचं वाचताना तो कागद वारंवार आठवला. त्या बापलेकांच्या काळात सबंध राज्याचा कागद परक्या भाषेत होता. ते ती भाषा शिकले, तिच्यात नाव काढलं, न्यायासनापर्यंत आणि मंत्रिपदापर्यंत गेले, आणि कमाई शाळेत घातली. वडिलांनी गुलबर्ग्यात. मुलाने १९४० मध्ये हैदराबादला नारायणगुड्यात वडिलांच्या नावाने केशव मेमोरियल शाळा काढली. ती आज मोठी संस्था आहे, तिथे कॉलेजंही आहेत. त्यांच्या मंत्रिपदाचं राज्य राहिलं नाही, शाळा दोन्ही राहिल्या.

आपल्या मराठी शाळेचा पट यंदा किती आहे ते मी इथे सांगत नाही, मुख्याध्यापक पुढच्याच रांगेत बसले आहेत. मंडळाकडे मात्र एक मागणी करतो. यंदाच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात डीजेचं बिल भागवण्याआधी शाळेच्या ग्रंथालयाला एक कपाट घेऊ. कन्नड आणि मराठी दोन्ही पुस्तकं ठेवू. लाकडाचं एस्टिमेट मी फुकट करून देतो आणि त्यावर फायनान्सचा शेरा लागणार नाही याचीही हमी देतो.

गेल्या जूनमध्ये मुलीला हॉस्टेलला सोडायला कलबुर्गीला गेलो होतो. रिकामा वेळ होता म्हणून तिला हायकोर्टाचं खंडपीठ दाखवलं. २००८ साली आधी फिरतं बेंच आलं, २०१३ पासून कायम झालं. त्याआधी आपल्या माणसाला हायकोर्टाच्या कामाला बंगळूर गाठावं लागायचं. केशवरावांना गुलबर्ग्याहून हैदराबादला जावं लागलं होतं. तिला जावं लागणार नाही. तिथून आम्ही नूतन विद्यालयाकडे गेलो. फाटकाशी उभं राहून तिने फोटो काढला आणि वर्गातल्या मुलींना पाठवला. खाली काय लिहिलंस विचारलं तर म्हणाली, "तुमच्या यादीत एक नाव घाला." मग रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालायला लागली. कन्नडमध्ये. दहा रुपये कमी करून घेतले.

आरतीची घंटा झाली, कार्यकर्ते खुणा करताहेत.  गणपती बाप्पा मोरया.